बाजारापर्यंतची वाट

२०११च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. त्याआधीच्या जनगणनेत ती ८,६८,८२५ होती. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आणि शेजारचा रत्नागिरी आकसले, आणि त्याचे कारण कोकणात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तरुण मुंबईला, पुण्याला, अलीकडे पणजी-म्हापशाला जातात. घराला कुलूप लागू नये म्हणून म्हातारी माणसे मागे राहतात. वेंगुर्ले तालुक्यात उभादांड्यापासून तुळस-वेतोऱ्यापर्यंत वाडीवाडीत अशी घरे आहेत. चतुर्थीला आणि मे महिन्यात ती भरतात, एरवी तिथे एकदोन वृद्धांचा वावर असतो. अशा घरात म्हातारपणची बुद्धी हा विषय शब्दकोडी सोडवण्यापुरता राहत नाही. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, गॅस बंद केला की नाही, बँकेच्या नावाने फोन करून आकडा मागणाऱ्याला तो द्यायचा नाही, पाऊस येईलसे दिसले तर वाळत घातलेली आमसुले आत घ्यायची आणि त्याच वेळी पेज उतू जाऊ द्यायची नाही, असा तो रोजचा मामला असतो. दोन गोष्टी एकदम ध्यानात ठेवणे, बेत बदलला की वागणे बदलणे आणि सवयीने पुढे जाणारा हात वेळेवर आवरणे, या तिन्हींना मिळून मानसशास्त्रज्ञ कार्यकारी क्षमता म्हणतात. वयाबरोबर ती लवकर उतरू लागते. जुने प्रसंग, शब्दांचे अर्थ, नातीगोती ही शिदोरी मात्र पुष्कळ काळ पुरते. म्हणूनच साठ वर्षांपूर्वीची जत्रा तपशीलवार सांगणारी आजी सकाळची गोळी विसरते, तेव्हा घरच्यांना त्याचा उलगडा होत नाही.

या क्षमतेचा आणि शरीराच्या दमाचा काही संबंध असावा, ही कल्पना प्रयोगशाळेत आणली ती टेक्सासच्या वनीन स्पिर्डुसो यांनी, १९७५मध्ये. वर्षानुवर्षे रॅकेटचे खेळ आणि हँडबॉल खेळत आलेले वृद्ध पुरुष इशारा मिळताच हात हलवण्यात आपल्याच वयाच्या बैठ्या पुरुषांपेक्षा बरेच चपळ निघाले. बैठ्या तरुणांशी त्यांची बरोबरी होत होती. पण खेळाने ते चपळ झाले, की मुळातच चपळ होते म्हणून खेळत राहिले, हे अशा तुलनेतून कळत नाही. त्यासाठी बैठी माणसे निवडून त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकून व्यायामाला लावावे लागते. आर्थर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले. ६० ते ७५ वयाच्या १२४ बैठ्या व्यक्तींपैकी काहींना सहा महिने भरभर चालायला लावले, बाकीच्यांना तेवढाच काळ अंग ताणण्याचे आणि हलके व्यायाम दिले. १९९९मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या प्रयोगात चालणारे एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यात आणि नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करण्यात सुधारले; ज्या चाचण्यांत अशा नियंत्रणाची गरज नव्हती तिथे फरक पडला नाही. २००३मध्ये स्टॅन्ली कोलकोम्ब आणि क्रेमर यांनी असे १८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही सर्वांत मोठा लाभ कार्यकारी क्षमतेतच दिसला. व्यायाम म्हणजे मेंदूचे टॉनिक, ही भाषा वर्तमानपत्रांत रुळली ती साधारण याच सुमारास.

त्यामागचे शरीरशास्त्रही पटण्यासारखे होते. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण विसाव्यातही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के वाटा तो घेतो. एवढा खर्चिक अवयव रक्तवाहिन्यांच्या तब्येतीवर अवलंबून असणार, हे उघड आहे. साखर, रक्तदाब आणि वय यांनी सर्वांत आधी चोंदतात त्या मेंदूच्या आतल्या बारीक वाहिन्या, आणि कपाळामागच्या भागाला बाकी मेंदूशी जोडणारे तंतू याच वाहिन्यांवर जगतात. १९९९मध्ये अमेरिकेतल्या साल्क संस्थेत हेन्रिएट व्हॅन प्राग यांनी दाखवले की चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, नव्या पेशी जास्त तयार होतात. २०११मध्ये कर्क एरिकसन आणि सहकाऱ्यांनी १२० वृद्धांवर वर्षभर प्रयोग केला. आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणणाऱ्यांचा तेवढ्याच काळात साधारण १.४ टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष जगभर गाजला. त्याच लेखातला दुसरा निष्कर्ष मात्र फारसा कुणी सांगत नाही: स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. मेंदूच्या आकारात दोन गटांत फरक पडला आणि आठवणीत मात्र पडला नाही, हे ऐकून व्यायामाचा प्रचारक थोडा अडखळायला हवा होता.

अडखळण्याची वेळ पुढे आलीच. २०१५मध्ये अमेरिकेतल्या ‘लाइफ’ या मोठ्या चाचणीचे निकाल लागले. ७० ते ८९ वयाचे १,६३५ बैठे वृद्ध, दोन वर्षांचा देखरेखीखालचा व्यायाम, आणि शेवटी बौद्धिक चाचण्यांत आरोग्य-व्याख्याने ऐकणाऱ्या गटापेक्षा काहीही फरक नाही. त्याच वर्षी कॉक्रेन संस्थेने निरोगी वृद्धांवरचे १२ प्रयोग तपासून दम वाढवणाऱ्या व्यायामाचा बुद्धीला लाभ होतो असा पुरावा सापडत नाही असे सांगितले. २०१८मध्ये ब्रिटनमध्ये डिमेन्शिया झालेल्या ४९४ रुग्णांवरच्या चाचणीत व्यायामाने त्यांची ताकद वाढली, पण मेंदूची घसरण थांबली नाही. उलट व्यायाम करणाऱ्यांचे गुण किंचित खालीच होते. २०२३मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी आधीच्या २४ एकत्रित अभ्यासांचाच पुन्हा एकत्रित हिशेब मांडला. छोट्या आणि अनुकूल निकालांना मिळणारी झुकती प्रसिद्धी वजा केल्यावर हाती जवळजवळ काही उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे सगळे अभ्यास काळजीपूर्वक केलेले आहेत. आवडत नाहीत म्हणून ते बाजूला सारणाऱ्या पुस्तकावर वाचकाने विश्वास ठेवू नये.

मग संबंध नाहीच का? माझ्या मते प्रश्न चुकीच्या बाजूने विचारला जातो आहे. या चाचण्या विचारतात ते असे: बैठ्या माणसाच्या आयुष्यात वर्ष-दोन वर्षे व्यायामाची भर घातली तर त्याची बुद्धी आहे त्याहून वाढते का? कोकणात घराभोवती जांभ्या दगडाचा गडगा असतो. दर पावसाळ्यात त्याचे दोनचार दगड ढासळतात आणि दर वर्षी ते रचावे लागतात. रचणाऱ्याचा गडगा उंच होत नाही. न रचणाऱ्याचा पंधरा वर्षांत गुरांना ओलांडता येतो. वर्षाअखेरीस दोन्ही गडग्यांची उंची मोजून फरक दिसत नाही असे म्हणणारा माणूस खरेच बोलत असतो, पण गडग्याविषयी त्याने थोडेच सांगितलेले असते. यावर कुणी म्हणेल की ही पळवाट झाली. कोणताही निकाल लागला तरी हे म्हणणे टिकते. तसे नाही. हे म्हणणे खरे असेल तर दोन गोष्टी दिसायला हव्यात. ज्यांची घसरण आधीच वेगात आहे त्यांच्यात फरक लवकर दिसावा, आणि अनेक दशकांच्या पाहणीत तो ठळक व्हावा. पहिली गोष्ट ‘लाइफ’ चाचणीतच सापडते: ऐंशी ओलांडलेल्या आणि सुरुवातीला शरीराने दुबळ्या असलेल्या उपगटांत कार्यकारी क्षमता व्यायामाने सुधारली होती. उपगटांचे निकाल जपूनच वापरावेत, पण ते अपेक्षित दिशेला आहेत.

दुसऱ्या गोष्टीबाबत पुरावा दोन तोंडांनी बोलतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात १९६८ साली मध्यमवयीन १९१ स्त्रियांना सायकलच्या यंत्रावर पूर्ण दमेपर्यंत बसवून त्यांची क्षमता मोजली गेली आणि पुढची ४४ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. कमी दमाच्या स्त्रियांपैकी ३२ टक्के, मध्यम दमाच्यांपैकी २५ टक्के आणि उत्तम दमाच्यांपैकी ५ टक्के स्त्रियांना डिमेन्शिया झाला. आकडे बोलके आहेत, पण स्त्रिया थोड्या होत्या. उलट लंडनच्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांची २८ वर्षांची ‘व्हाइटहॉल’ पाहणी २०१७मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात मध्यम वयातली हालचाल आणि पुढचा डिमेन्शिया यांचा संबंधच दिसला नाही. मात्र निदान होण्याच्या सुमारे नऊ वर्षे आधीपासून रुग्णांची हालचाल कमी होत गेलेली दिसली. दोन्ही पाहण्यांतला एक फरक महत्त्वाचा आहे. लंडनमध्ये लोकांना तुम्ही किती व्यायाम करता असे विचारले होते, गोथेनबर्गमध्ये हृदय आणि फुप्फुसे प्रत्यक्ष किती ओझे पेलतात हे मोजले होते. आपण किती चालतो याविषयी माणसे स्वतःशी उदार असतात. अर्थात दम हा काही अंशी आईबापांकडून येतो, तेव्हा गोथेनबर्गचे सगळे श्रेयही व्यायामाला देता येणार नाही.

‘व्हाइटहॉल’चा तो नऊ वर्षांचा आकडा मला या साऱ्या संशोधनात सर्वांत उपयोगी वाटतो, आणि तो वेंगुर्ल्यात आणून पाहण्यासारखा आहे. बाजारात रोज चालत येणारा माणूस एक दिवस येईनासा होतो. घरचे म्हणतात, ‘आता वय झाला, गप बस.’ गुडघे दुखतात हे खरे असते. पण बाजारात जाणे म्हणजे नुसते पाय उचलणे नव्हे. कुठल्या वारी कुठला मासा स्वस्त, कोणाकडे उधारी आहे, वाटेत कोणाची चौकशी करायची राहिली आहे, रस्ता ओलांडताना दुचाकी किती लांब आहे, या सगळ्याचा हिशेब चालता चालता डोक्यात मांडावा लागतो. तो मांडणे जड जाऊ लागले की माणूस नकळत बाहेर पडणे टाळतो आणि दोष गुडघ्यांना देतो. पाय थांबल्याने डोके मंदावते की डोके मंदावल्याने पाय थांबतात, असा वाद घालण्यापेक्षा दोन्ही खरे मानणे मला योग्य वाटते. एकाची घसरण दुसऱ्याला खाली ओढते, मग दुसऱ्याची पहिल्याला. या चक्रात हात घालायचा तर तो पायांकडूनच घालता येतो, कारण मेंदूच्या पेशींना आपण थेट काही सांगू शकत नाही.

चालणे हे स्वतःच एक बौद्धिक काम आहे, याला चांगला आधार आहे. स्वीडनमधल्या लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये एक साधे निरीक्षण छापले: चालताना कुणी बोलायला लागले की जे वृद्ध थांबून उत्तर देतात, त्यांना पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचा धोका फार मोठा असतो. तरुणपणी आपोआप होणारे चालणे वयानुसार लक्ष मागू लागते, आणि लक्षाची थैली लहान होत जाते. न्यूयॉर्कचे जो व्हर्गीस यांनी वृद्धांना चालता चालता मुळाक्षरे एक सोडून एक म्हणायला लावली. पुढे, मंद चाल आणि विसरभोळेपणाची तक्रार ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर डिमेन्शियाचा धोका वाढतो, हे त्यांनी दाखवले. या कामाची एक शाखा केरळात कोळिकोडलाही चालली. ही तपासणी कुठल्याही खळ्यात होऊ शकते. तिला यंत्र लागत नाही, घड्याळ आणि क, ग, ङ पुरतात.

या दृष्टीने पाहिले तर वेंगुर्ल्याच्या जुन्या वाटा हा एक विलक्षण अभ्यासक्रम होता. घरातून निघायचे ते पाणंदीतून, दोन्ही बाजूंना गडगे, खाली ओबडधोबड जांभा. मग व्हाळावरचा साकव, तोही कधीकाळी माडाच्या किंवा पोफळीच्या खोडांचा, जिथे प्रत्येक पाऊल बघून टाकावे लागे. पुढे घाटी चढून सड्यावर, सड्यावरून उतरून बाजाराच्या वाटेला. डोक्यावर पाटी आणि सोबतीला बोलणारी दोन माणसे. पाणी बावीतून शेंदायचे, तेही दोराचा अंदाज घेत. आता बावीवर पंप आहे, साकव सिमेंटचा आहे, दारापर्यंत रिक्षा येते आणि सामान दुकानदाराचा मुलगा दुचाकीवरून आणून देतो. यांतले बहुतेक चाकरमान्यांच्या मायेने आले. आईला बावीवर जावे लागू नये म्हणून मुलाने पंप बसवला, आणि त्यात चूक काहीच नाही. पंपामुळे वाचलेले कष्ट खरे कष्टच होते. पण त्या कष्टांबरोबर रोज तासभर लक्ष देऊन, तोल सांभाळून, गप्पा मारत केलेली हालचालही घरातून गेली, आणि तिच्या जागी काय आले हे कुणी विचारले नाही. बहुतेक घरांत तिच्या जागी दूरदर्शनसमोरची खुर्ची आली आहे.

इथे सर्वांत तगडा आक्षेप येतो, आणि तो गावातूनच येतो. आमच्या माणसांनी जन्मभर राबण्याखेरीज काय केले? राबण्याने बुद्धी टिकत असेल तर खेड्यातल्या बायकांइतकी ती कुणाचीच टिकायला नको. प्रत्यक्षात उलटे आहे. भारतातल्या वृद्धांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे, आणि त्याचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत व पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आहे. कोपनहेगनमधल्या पुरुषांच्या दीर्घ पाहणीतही शरीर मोडणारे काम करणाऱ्यांना डिमेन्शिया कमी नव्हे, जास्त झाला. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे: राबणे आणि व्यायाम ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात दिवसभर बसून बी फोडणाऱ्या किंवा गराची साल काढणाऱ्या बाईचे हात थकतात, पाठ धरते, पण हृदयाची गती क्वचितच वाढते. भातलावणीत वाकून काढलेले दहा तास सांधे झिजवतात आणि विसाव्याला जागा ठेवत नाहीत. व्यायामाने रक्तदाब उतरतो तो श्रमानंतरच्या विश्रांतीत. विश्रांतीच नसेल तर रक्तदाब दिवसभर चढाच राहतो. शिवाय खेड्यातल्या त्या पिढीतल्या स्त्रियांना शाळेने दारातूनच परत पाठवले होते, आणि शिक्षणाचा अभाव हा डिमेन्शियाचा जगभर मान्य झालेला धोका आहे. त्यांच्या हालचालीने दिलेला लाभ, असलाच तर, या तुटीखाली दबून जातो. काम आणि विसावा यांचा मेळ जिथे राहिला, तिथे चित्र वेगळे दिसते. बोलिव्हियाच्या जंगलातले त्सिमाने लोक शिकार, मासेमारी आणि थोडी शेती करतात. वयाबरोबर त्यांचा मेंदू अमेरिकन आणि युरोपीय लोकांपेक्षा बराच सावकाश आकसतो, असे २०२१मध्ये दिसले, आणि साठीपुढच्या त्सिमान्यांत डिमेन्शियाचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आहे, असे पुढच्या वर्षी. त्यांचा आहार वेगळा, आयुष्यच वेगळे, तेव्हा हेही निर्णायक नाही. पण कष्टकरी जीवन म्हणून सगळे एका मापाने मोजता येत नाही, एवढे त्यातून नक्की होते.

मला वाटते, हालचालीला लक्षाची आणि माणसांची जोड असेल तिथे लाभाची शक्यता अधिक आहे. व्हर्गीस यांनीच २००३मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ लोकांच्या पाहणीत वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणे आणि नृत्य यांचा संबंध डिमेन्शियाच्या कमी धोक्याशी आहे असे दाखवले. शारीरिक छंदांपैकी एकट्या नृत्यालाच हा मान मिळाला. चालण्याला नाही, पोहण्याला नाही. नृत्यात पावले लक्षात ठेवावी लागतात, ताल धरावा लागतो, समोरच्याप्रमाणे बदलावे लागते. गौरी-गणपतीतली फुगडी याहून वेगळी काय असते? गाणे तोंडपाठ, गिरकीचा तोल आणि समोरचीच्या हाताचा ताण, सगळे एकाच वेळी. दशावतारी नट तर याची कमाल करतो. लिखित संहिता नाही, संवाद रंगमंचावरच जुळवायचे, रात्रभर उभे राहून युद्ध आणि गायन करायचे, आणि जुन्या काळी पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची जत्रा गाठायची. सत्तरीतही असा नट पुराणातला प्रसंग हवा तसा वळवतो, हे पाहून त्याचे श्रेय दशावताराला द्यावेसे वाटते. तिथे मात्र सावध राहावे. ज्यांची स्मृती किंवा कंबर आधीच गेली ते कधीचे घरी बसलेले असतात आणि आपल्याला दिसत नाहीत. टिकलेल्यांकडे बघून टिकण्याचे कारण सांगणे हा सोपा मोह आहे. ब्राँक्सच्या पाहणीलाही तोच आक्षेप लागू पडतो, जरी संशोधकांनी सुरुवातीची बुद्धी मोजून तो बराच कमी केला होता.

आणखी एक आक्षेप आकड्यांचा आहे. ‘लॅन्सेट’च्या २०२४च्या आयोगाने टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी केली. ती सगळी दूर झाली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात हालचालीच्या अभावाचा वाटा फक्त दोन टक्के. ऐकू न येण्याचा सात, वाईट कोलेस्टेरॉलचाही सात, एकटेपणाचा पाच. मग गावात व्यायामाऐवजी कानाची यंत्रे वाटावीत का? जरूर वाटावीत. भजनात मागे बसलेल्या म्हाताऱ्याला टाळ ऐकू येतो आणि शब्द ऐकू येत नाहीत, तो हळूहळू भजनाला यायचेच सोडतो. त्याला यंत्र मिळाले तर तो पुन्हा चालत देवळापर्यंत येईल. म्हणजेच ही कारणे कागदावर वेगळी मांडली तरी माणसात ती एकमेकांत गुंतलेली असतात. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, उदासी, एकटेपणा या यादीतल्या पाच नोंदींवर चालण्याचा परिणाम होतो, आणि तो परिणाम त्या-त्या नोंदीच्या खात्यात जमा होतो, चालण्याच्या नाही. रक्तदाबाचे महत्त्व तर चाचणीनेच दाखवले आहे: अमेरिकेतल्या ९,३६१ जणांच्या ‘स्प्रिंट’ चाचणीत वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झाले. हे औषधांनी साधले, चालण्याने नव्हे. गोळी सोडून घाटी चढणारा माणूस मोठी चूक करतो.

किती चालावे, याचे उत्तर दहा हजार पावलांच्या जाहिरातींपेक्षा सौम्य आहे. मनगटावर यंत्र बांधलेल्या ७८,४३० ब्रिटिश प्रौढांच्या २०२२च्या अभ्यासात सर्वाधिक लाभ ९,८०० पावलांजवळ दिसला. पण ३,८०० पावलांनाही डिमेन्शियाचा धोका सुमारे चतुर्थांशाने कमी होता. ३,८०० पावले म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे दोन-अडीच किलोमीटर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची सांगते, आणि वृद्धांसाठी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम त्यात घालते. पैकी पहिला भाग वेंगुर्ल्यात बाजारहाटात सामावता येतो, म्हणून घरच्यांनी वृद्धांकडून कामे काढून घेण्याची घाई करू नये असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. दूध, वर्तमानपत्र, देवपूजेची फुले, टपालातला व्यवहार, यातले काहीतरी त्यांच्याकडे राहू द्यावे. काम असले की बाहेर पडण्याला कारण असते. नुसते ‘फिरून ये’ म्हटले की पंधरा दिवसांत ते बंद पडते. त्यासाठी गावानेही थोडे करायला हवे. आताचे रस्ते डांबरी आहेत पण कडेला चालायला जागा नाही, आणि वळणावर भरधाव येणारी पर्यटकांची गाडी ही साठीपुढच्या माणसाला घरात बसवायला पुरेशी आहे. साकवाला धरायला कठडा, चढावर मध्येच टेकायला एखादा चौथरा, यांचा खर्च फार नसतो.

पावसाचे चार महिने मात्र या सल्ल्यात बसत नाहीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसात जांभ्यावर शेवाळ धरते, आणि एका घसरण्यात खुब्याचे हाड मोडले तर वर्षभराच्या चालण्याचा जमाखर्च उलटा होतो. तेव्हा ताकदीकडे वळावे. व्हँकुव्हरमध्ये टेरेसा लिऊ-अ‍ॅम्ब्रोस यांनी ६५ ते ७५ वयाच्या १५५ स्त्रियांवर केलेला प्रयोग २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाचे व्यायाम आठवड्यातून एकदा करणाऱ्या आणि दोनदा करणाऱ्या, दोन्ही गटांची कार्यकारी क्षमता वर्षाअखेरीस सुधारली होती. नुसत्या तोलाच्या आणि हलक्या व्यायामांच्या गटाची सुधारली नव्हती. पडवीत भिंतीशी टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठणे आणि बसणे, भिंतीला हात लावून टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांनी खांद्यापर्यंत नेणे, एवढ्याने सुरुवात होते. दहा वेळा सहज जमू लागले की बाटली मोठी करायची. छातीत दुखणे किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून. व्हँकुव्हरच्या त्या स्त्रियांवर शिक्षकाची नजर होती आणि ओझे हळूहळू वाढवले जात होते, हे विसरू नये. शेजारच्या चारपाच घरांतल्या बायकांनी एका पडवीत जमून केले तर निदान एकमेकींची नजर राहते. आणि फरक मोजला गेला तो बारा महिन्यांनी. मिरगाला सुरू केलेले दसऱ्याला, वाटा कोरड्या झाल्या म्हणून, सोडून द्यायचे नसते.